पक्क्या दाताची पहिली नोंद रुग्णाच्या हाती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या रविवारच्या अंकात पानभर जाहिराती दिसतात. ‘एका दिवसात पक्के दात’, ‘कवळीला कायमचा रामराम’, ‘आयुष्यभराची हमी’. सांगलीत माझा हिरड्यांच्या आजारांचा दवाखाना आहे. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर जोडणी आणि वर दातासारखी कॅप, हे मी स्वतःही बसवते, त्यामुळे या उपचाराला माझा विरोध असण्याचं कारण नाही. कवळी लावून ज्यांना भाकरीचा काठ तुटत नव्हता, ती माणसं इम्प्लांटवर भाजलेले शेंगदाणे खाताना मी पाहिली आहेत. माझं म्हणणं आहे ते कॅप बसल्यानंतरच्या दिवसाबद्दल. त्या दिवशी दाताभोवतीची हिरडी किती खोल होती, रक्त येत होतं का, हाड कुठवर होतं, याची नोंद व्हायला हवी आणि ती रुग्णाच्या हातात पडायला हवी. बाहेरून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक रुग्णांकडे ती नसते. पुढे सूज सुरू झाली की ती किती जुनी, कुठवर पोचलेली, हे ताडून पाहायला आमच्याकडे काहीच उरत नाही.

तासगावकडच्या एक निवृत्त शिक्षिका मध्यंतरी आल्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). खालची उजवी पहिली दाढ, सहा वर्षांपूर्वी मोठ्या शहरात मुलाकडे असताना बसवून घेतलेली. “दुखत काहीच नाही हो, फक्त पेस्टचा फेस गुलाबी येतो,” एवढीच तक्रार. मी मोजलं तर गालाच्या बाजूला ७ मिलिमीटर खोली, तिन्ही जागी रक्त, आणि हिरडी बोटाने दाबली की पुवाचा थेंब. एक्स-रेत स्क्रूचे वरचे पाच आटे हाडाच्या बाहेर. आता प्रश्न असा, की हे हाड सहा वर्षांत हळूहळू गेलं की गेल्या सहा महिन्यांत झपाट्याने गेलं? की स्क्रू पहिल्या दिवसापासूनच तेवढा वर बसवला होता? तिन्हींसाठी उपचाराची घाई वेगळी, पद्धतही वेगळी.

बाईंनी प्लास्टिकची फाइल काढली. त्यात पेन्शनची ऑर्डर होती, मिक्सरचं वॉरंटी कार्ड होतं, चष्म्याच्या नंबरच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या. इम्प्लांटचा कागद एकच: ‘इम्प्लांट व कॅप, १ नग’ असं लिहिलेली पावती. तो दवाखाना बंद झालेला, फोन लागत नाही. स्क्रू कोणत्या कंपनीचा हे कुठेही लिहिलेलं नाही. प्रत्येक कंपनीच्या स्क्रूला आपापली चावी लागते, त्यामुळे ती माहिती नसली की आतली जोडणी उघडताना अंदाजावर काम करावं लागतं. शेवटी चांगली कॅप कापावी लागली. हिरडीच्या काठाखाली जोडणीला चिकटून घट्ट झालेल्या सिमेंटचा दीड-दोन मिलिमीटरचा तुकडा निघाला. कॅप चिकटवताना दाबाने बाहेर आलेलं सिमेंट तिथेच राहिलं होतं. हा प्रकार विरळा नाही. २००९ साली अमेरिकेत सूक्ष्म दुर्बीण हिरडीखाली घालून केलेल्या अभ्यासात, भोवती आजाराची लक्षणं असलेल्या इम्प्लांटपैकी ८१ टक्क्यांत असं उरलेलं सिमेंट सापडलं, आणि ते काढल्यावर त्यातल्या बहुतेकांची लक्षणं गेली. कॅप बसवल्या दिवशी एक एक्स-रे काढला असता तर ते सिमेंट दिसण्याची शक्यता होती, आणि पाच मिनिटांत ते काढता आलं असतं.

वाचकांना प्रश्न पडेल, हिरडीतून रक्त तर पुष्कळांच्या येतं, त्यात एवढं काय? त्यासाठी आधी साध्या दाताचं सांगते. दाताच्या मुळाशी, हिरडीच्या काठावर रोज जिवाणूंचा एक मऊ, पिवळसर थर जमतो. तो ब्रशने निघाला नाही की हिरडीत सूज सुरू होते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आऱ्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. आमच्या शाखेचा पाया या प्रयोगात आहे. सूज थरामुळे येते, आणि हाडापर्यंत पोचण्याआधी पकडली तर ती पूर्णपणे परतते, हे त्यातून माणसांवर सिद्ध झालं.

योगायोग असा की त्याच वर्षी स्वीडनमधल्या गॉथेनबर्ग इथे पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. हाड टायटॅनियमला थेट धरतं, मध्ये दुसरी पेशी येऊ देत नाही, हे त्यांनी सशांवरच्या अभ्यासात पाहिलं होतं. तो पहिला रुग्ण २००६ साली वारला तोवर ते दात वापरत होता. म्हणजे इम्प्लांट चाळीस वर्षं टिकू शकतं हे खरं आहे. पण जाहिरातीतली ‘आयुष्यभराची हमी’ असते ती धातूच्या तुकड्याची. स्क्रू मोडला किंवा सुटला तर कंपनी नवा स्क्रू देते. भोवतालच्या हाडाची हमी कोणतीही कंपनी देत नाही, देऊ शकतही नाही.

लो यांचा प्रयोग पुढे इम्प्लांटवरही झाला. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी २०१२ साली ज्यांच्या तोंडात खरे दात आणि इम्प्लांट दोन्ही होते अशा लोकांना तीन आठवडे त्या जागा घासू दिल्या नाहीत. सूज दोन्हीकडे आली, पण रक्त येणाऱ्या जागा इम्प्लांटभोवती जास्त निघाल्या. नंतर तीन आठवडे नीट घासूनही इम्प्लांटभोवतीची हिरडी पहिल्या स्थितीला पोचली नाही, तिला त्याहून जास्त काळ लागतो असा निष्कर्ष निघाला. याचं कारण रचनेत आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू आडवे घुसून रुतलेले असतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांनी भरलेला पातळ पडदा असतो, आणि त्यातून हिरडीला रक्तपुरवठा होतो, म्हणजेच लढायला पेशी मिळतात. इम्प्लांटभोवतीचे तंतू मनगटातल्या बांगडीसारखे नुसते भोवती फिरतात, धातूत रुजत नाहीत. पडदा नाही, म्हणून त्या बाजूचा रक्तपुरवठाही नाही. सूज खाली सरकायला लागली की तिला अडवणारं फार थोडं असतं.

आणि ती सांगावा धाडत नाही. हाड जायला लागलं की खरा दात हलतो, चावताना वेगळा लागतो, गार पाण्याने झिणझिणतो. इम्प्लांटला नस नाही, पडदा नाही, त्यामुळे यातलं काहीच होत नाही. खालच्या टोकाशी हाडाची दोन-तीन आटे पकड शिल्लक असली तरी इम्प्लांट खांबासारखं ताठ उभं राहतं. रुग्ण म्हणतो, दात घट्ट आहे. तो घट्ट असतोच. ज्या दिवशी हलतो त्या दिवशी काढून टाकण्याखेरीज इलाज उरलेला नसतो. म्हणून दुखण्याची किंवा हलण्याची वाट बघून चालत नाही, मोजावं लागतं.

मोजतात कसं, तेही सांगते, कारण हे आपल्याबाबतीत होतंय की नाही हे रुग्णाला कळलं पाहिजे. आमच्या हातातलं मुख्य साधन म्हणजे प्रोब, मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची बारीक सळई. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद सोडायची आणि कुठे अडते ते वाचायचं. प्रत्येक दाताच्या सहा जागा, तीन गालाकडच्या, तीन जिभेकडच्या. अक्कलदाढा सोडल्या तर २८ दात, म्हणजे १६८ आकडे. मी बोलते, सहायक लिहिते: “तीन, दोन, तीन. तीन, दोन, चार, रक्त. तीन, तीन, पाच, रक्त.” पहिल्या रांगेनंतर खुर्चीतला माणूस कान देऊन ऐकायला लागतो, आणि पाच म्हटलं की भुवया वर जातात. मला ते फार आवडतं. स्वतःच्या तोंडाचा हिशेब माणूस पहिल्यांदा ऐकत असतो.

जोर किती लावायचा यालाही माप आहे. खऱ्या दाताला साधारण पाव न्यूटन, म्हणजे २५ ग्रॅम वजनाएवढा. इम्प्लांटला त्याहून हलका, १५ ग्रॅमच्या आसपास. शिकून बाहेर पडलेली नवी डॉक्टर माझ्याकडे रुजू झाली की मी सराफाकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा तिच्यापुढे ठेवते आणि प्रोबचं टोक त्यावर टेकवून २५ वर थांबायला सांगते. सुरुवातीला काटा साठ-सत्तर दाखवतो. तेवढा जोर लावला तर निरोगी हिरडीतूनही रक्त येईल आणि नोंदच खोटी पडेल. हात बसायला काही दिवस जातात. प्रोब काढल्यावर पुढच्या जागी पळायचंही नाही, कारण रक्त उमटायला अर्धं मिनिट लागू शकतं. इम्प्लांटभोवती एखादा बारीक ठिपका आला तर तो प्रोबच्या टोचण्याचाही असू शकतो. काठाने रेघ भरत गेली किंवा थेंब ओघळला तर ती सूज.

रक्ताचा अर्थ काय लावायचा याबाबतीत लोकांमध्ये दोन टोकं दिसतात, एक घाबरतं आणि एक हसण्यावारी नेतं. बर्नमध्येच १९९० साली खऱ्या दातांवर झालेल्या अभ्यासातून दिसलं, की एखाद्या जागी दर तपासणीला रक्त येत नसेल तर ती जागा पुढे स्थिर राहण्याची खात्री ९८ टक्क्यांच्या घरात असते. उलट रक्त आलं म्हणजे हाड जाणारच, असं मुळीच नाही. कोरडी जागा दिलासा देते, ओली जागा पुन्हा बघायला सांगते. याहून जास्त अर्थ एका तपासणीतून काढू नये. दर वेळी त्याच जागी रक्त, आणि आकडाही वाढलेला, असं झालं की मात्र पावलं उचलायची.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. खऱ्या दाताला निरोगी खोलीचा एक सर्वमान्य आकडा आहे, १ ते ३ मिलिमीटर. इम्प्लांटला असा आकडाच नाही. हिरडी जाड असेल, स्क्रू खोल बसवला असेल, तर ५ मिलिमीटर खोली असूनही ते इम्प्लांट ठणठणीत असतं. दुसऱ्या एखाद्याचं ४ वर आजारी असतं. २०१७ साली शिकागोत अमेरिका आणि युरोपातल्या हिरडीतज्ज्ञांच्या संघटनांची जागतिक कार्यशाळा झाली, तिथे आजारांच्या नव्या व्याख्या ठरल्या. त्यात हे स्पष्ट म्हटलं आहे. इम्प्लांटभोवती हाड खाणारा आजार आहे असं म्हणायला तीन गोष्टी लागतात: रक्त किंवा पू, आधीच्या मोजणीपेक्षा वाढलेली खोली, आणि सुरुवातीच्या स्वाभाविक झिजेपलीकडे गेलेलं हाड. ‘आधीच्या मोजणीपेक्षा’ हे शब्द बघा. आधीची मोजणीच नसेल तर त्याच कार्यशाळेने नाइलाजाची एक फूटपट्टी दिली आहे: रक्त किंवा पू, ६ मिलिमीटर किंवा अधिक खोली, आणि ३ मिलिमीटर किंवा अधिक हाड गेलेलं. दहा मिलिमीटरच्या स्क्रूभोवतीचं तीन मिलिमीटर हाड गेल्यावर खात्री होणार असेल, तर ‘लवकर निदान’ कशाला म्हणायचं? ज्याच्याकडे पहिल्या दिवसाचे सहा आकडे आणि एक एक्स-रे आहे, त्याची सूज हाडाला हात लागण्याआधी पकडता येते. ज्याच्याकडे नाही, त्याला हाड जाईपर्यंत थांबावं लागतं. दोघांनी खर्च तेवढाच केलेला असतो.

काही सहकारी इम्प्लांटला प्रोब लावायलाच कचरतात. धातूवर ओरखडा उठेल, हिरडीची पकड सुटेल, अशी भीती कॉलेजात घातली गेली होती. हलक्या हाताने मोजल्यावर हिरडीची जोड सुमारे पाच दिवसांत पुन्हा भरून येते, हे कुत्र्यांवरच्या अभ्यासात २००२ सालीच दिसलं आहे. धातूची धास्ती वाटत असेल त्यांनी प्लास्टिकचा प्रोब वापरावा, तोही मिळतो. न मोजण्यात धोका कितीतरी जास्त आहे.

एक्स-रेबद्दलही थोडं. मोठा, पूर्ण जबड्याचा एक्स-रे यासाठी पुरत नाही. तोंडात सेन्सर धरून काढलेला छोटा एक्स-रे हवा, आणि तो सरळ रेषेत आलेला हवा. स्क्रूचे आटे दोन्ही कडांना करकरीत, वेगवेगळे दिसले तर कोन बरोबर. आटे एकमेकांत मिसळून धुरकट दिसले तर तो परत काढावा. आटे स्पष्ट असतील तर ते मोजून हाड किती खाली गेलं ते सांगता येतं. अर्थात एक्स-रेत फक्त दोन बाजूंचं हाड दिसतं, गालाकडचं आणि जिभेकडचं स्क्रूच्या सावलीत लपतं. म्हणून एक्स-रे आणि प्रोब दोन्ही लागतात.

आपल्या भागात दोन गोष्टी या मोजणीला चकवतात. पहिली तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, आत आजार वाढत असला तरी. तिथे कोरडी हिरडी पाहून निश्चिंत होता येत नाही, खोली आणि हाड यांवरच जावं लागतं. आणि मिश्री. दात घासायच्या पावडरीत आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. पण तव्यावर भाजलेली मिश्री सकाळी बोटाने हिरडीवर फिरवल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू होत नाही अशा आया-मावश्या मला आजही भेटतात. कित्येकजणी घरात सांगतही नाहीत. मिश्री जिथे धरतात तिथली हिरडी झिजून खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात. त्यांना इम्प्लांट बसवण्याआधी कुणीतरी शेजारी बसून, मुलगा-सून बाहेर पाठवून, हे विचारायला हवं.

दुसरी तुरटी. हिरडीतून रक्त आलं की घरोघरी तुरटीच्या पाण्याच्या चुळा सुरू होतात, नाहीतर हळद-मिठाने चोळणं. तुरटीने हिरडी आवळल्यासारखी होते, रक्त थांबल्यासारखं दिसतं. मुळाशी बसलेला थर मात्र तसाच राहतो. काहीजण मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतात, आठवडाभर बरं वाटतं. २०२३ साली युरोपीय हिरडीतज्ज्ञांच्या महासंघाने इम्प्लांटभोवतीच्या आजारांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत सुरुवातीच्या सुजेवर मुख्य उपचार सांगितला आहे तो दवाखान्यात नीट केलेली स्वच्छता आणि घरी रोजची निगा. या टप्प्यावर गोळ्यांचं कामच नाही. सगळ्यात नुकसान करणारी सवय म्हणजे रक्त येतं म्हणून नेमकी तीच जागा घासायची सोडून देणं. तिथेच ब्रश लावायचा असतो, मऊ केसांचा, हिरडीच्या काठाला तिरपा धरून, आणि दोन दातांच्या फटीत बाटली धुतात तसल्या आकाराचा बारीक ब्रश रोज रात्री एकदा. त्याचे आकार वेगवेगळे असतात. कोणत्या फटीला कोणता, ते दवाखान्यात बसवून घ्यावं. सैल ब्रश नुसता आत-बाहेर होतो, थर निघत नाही.

मिरज तालुक्यातले एक शेतकरी माझे जुने रुग्ण आहेत. मधुमेह आहे. वरच्या डाव्या दाढेचं इम्प्लांट माझ्याकडेच बसवलं, त्यामुळे पहिल्या दिवसाचे आकडे कार्डावर होते: ३-२-३ आणि ३-३-३, रक्त नाही. वर्षभर ठीक होतं. ऊस तोडणीच्या हंगामात एका तपासणीला आलेच नाहीत. नंतर आले तेव्हा म्हणाले, “दुखत न्हाई, खुपत न्हाई, रगात तेवढं येतंय.” आकडे ४-३-५ झालेले, तीन जागी रक्त. एक्स-रे जुन्या एक्स-रेशेजारी ठेवला, हाड जागच्या जागी. म्हणजे सूज वरच होती. स्वच्छता केली, ब्रशचा आकार बदलला, साखरेच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, कारण साखर आणि हिरडी यांचं नातं दोन्ही बाजूंनी आहे. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांत मधुमेह्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर ०.४३ टक्का-अंकाने खाली येते, असा २०२२ सालच्या कॉक्रन आढाव्याचा (जगभरातले अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या अहवालाचा) निष्कर्ष आहे. त्यांचे आकडे तीन महिन्यांनी ३-३-४ वर आले. एका जागी अजून रक्त येतं. ती जागा मी सोडलेली नाही, दर तीन महिन्यांनी बघते. पण हाड वाचलं आहे, आणि ते वाचलं याची मला खात्री आहे कारण माझ्यासमोर दोन एक्स-रे आहेत.

नवी साधनंही येत आहेत. हिरडीच्या फटीतल्या द्रवात किंवा लाळेत ‘एमएमपी-८’ नावाचं, हिरडीचे तंतू तोडणारं विकर (एन्झाइम) सक्रिय झालं आहे का, हे खुर्चीशेजारी पाच-सात मिनिटांत सांगणारी पट्टी हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली. ते मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या वर गेलं की पट्टी होकार दाखवते. डोळ्यांना सूज दिसण्याआधीची हालचाल पकडता यावी हा तिचा हेतू आहे आणि तो मला मोलाचा वाटतो. तरी जाहिरात करून महागडी चाचणी विकणाऱ्या दवाखान्यात साधी सहा जागांची मोजणी होत नसेल, तर आधी ती मागा. पट्टीलासुद्धा पहिल्या दिवसाचा आकडा लागतोच.

माझी मागणी फार खर्चाची नाही. इम्प्लांटच्या डबीत कंपनीचं नाव, व्यास, लांबी आणि लॉट नंबर छापलेला चिकटपट्टीचा कागद येतो. तो सोलून रुग्णाच्या कार्डावर लावायचा. कॅप बसवल्याची तारीख, कॅप स्क्रूने बसवली की सिमेंटने, हे लिहायचं. हिरडी बसली की सहा आकडे आणि रक्ताची खूण. एक्स-रे रुग्णाच्या व्हॉट्सॲपवर. पुढे निदान सहा महिन्यांनी तीच मोजणी त्याच कार्डावर, आणि पायोरिया होऊन गेलेला असेल, मधुमेह किंवा तंबाखू असेल, तर तीन महिन्यांनी. हे सगळं करायला दवाखान्यात दहा मिनिटं पुरतात. डॉक्टर बदलला, गाव बदललं, मुलाकडे अमेरिकेत गेले, तरी कार्ड बरोबर जातं.

१९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी २०२३ साली राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा झाला. आयोगाने इम्प्लांटचं असं कार्ड देणं बंधनकारक करावं, ही माझी पहिली विनंती. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांनी ते आजच स्वतःहून सुरू करावं, म्हणजे तिथून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या हातात ती सवय बसेल. बहुतेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार धरलेले नसतात, इम्प्लांटचे पैसे माणूस फंडातून, एफडी मोडून, मुलांकडून घेऊन भरतो. त्याला निदान आपल्या तोंडात काय बसवलं आहे हे लेखी मिळायला हवं.

ज्यांचं इम्प्लांट आधीच झालं आहे त्यांनी याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांना फोन करून कंपनीचं नाव, माप आणि पहिला एक्स-रे मागावा. तो त्यांचा हक्क आहे, मागताना संकोच वाटू देऊ नये. पहिली मोजणी झालीच नसेल तर आजची मोजणी करून घ्यावी आणि तिच्यावर आजची तारीख घालावी. तुमच्यापुरती तीच पहिली.

संपादक महोदय, मी वापरते त्या कार्डाचा मराठी नमुना पत्रासोबत पाठवत आहे. तो एका पानावर मावतो. जाहिरातींच्या पानाशेजारी जागा निघाली तर तो छापावा. वाचकांनी कापून जवळ ठेवला आणि डॉक्टरांकडून भरून घेतला तरी चालेल, माझं नाव त्यावर कुठेही नाही.

आपली,
एक हिरडीरोगतज्ज्ञ, सांगली